पोरं विकून पगार भागवू नकोस

वाचकाचं पत्र (संक्षिप्त)

दादा, नमस्कार.

मी कोल्हापूरचा, वय २६, शिरोली एमआयडीसीत नोकरीला. शाळेत असताना पेठेच्या संघाकडून खेळायचो. गुडघा गेला आणि मैदान सुटलं. तेव्हापासून हॅटट्रिक या ऑनलाइन फुटबॉल मॅनेजर गेमवर संघ चालवतोय. माझ्यासाठी तो नुसता टाइमपास नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

मागच्याच्या मागच्या हंगामात आम्ही वरच्या विभागात चढलो. तिथं टिकायचं म्हणून एक ३१ वर्षांचा स्ट्रायकर घेतला. गोल केले त्यानं, पात्रता सामना जिंकून कसेबसे वाचलोही. पण पैसा काही टिकेना. गेल्या हंगामात ट्रेनिंगमधले दोन चांगले मिडफिल्डर विकले, तरी हंगामाच्या शेवटी खातं रिकामं. या हंगामाच्या सुरुवातीला स्टेडियममध्ये व्हीआयपी बॉक्स आणि छपराखालच्या जागा वाढवल्या आणि आता शिल्लक शून्याच्या खाली गेली. पाचवा आठवडा चालू आहे. घरच्या मॅचच्या आठवड्यात फायदा दिसतो, बाहेरच्या मॅचच्या आठवड्यात तोटा. नक्की कुठं गळतंय तेच समजत नाही.

माझ्याकडं अजून एक १८ वर्षांचा मिडफिल्डर आहे, त्याला चांगली बोली येईल. विकू का? माझा मावसभाऊ पुण्यात आहे, तोही खेळतो. तो म्हणतो, तुझा एक डिफेंडर मी दुप्पट भावानं घेतो, तेवढीच तुला मदत. खरे पैसे भरून गेमचं सपोर्टर सदस्यत्व घेतलं तर काही फरक पडेल का? आणि हे सगळं सोडून नवा संघ काढावा का, असंही मनात येतंय. सगळे आकडे सोबत पाठवतोय.

– एक हैराण मॅनेजर, कोल्हापूर

उत्तर

मित्रा,

आकडे पाठवलेस ते फार बरं केलंस. पैशाच्या पत्रात बहुतेक जण नशिबाबद्दल, पावसाबद्दल आणि रेफरीबद्दल लिहितात, आकडे कुणी देत नाही. मी तुझे आकडे दोनदा मांडून पाहिले. तुझा संघ वाचतो. पण त्यासाठी तुला सर्वांत आवडणारा खेळाडू सोडावा लागेल, आणि जो विकायला काढलायस तो ठेवावा लागेल.

हा खेळ न खेळणाऱ्या वाचकांसाठी थोडं सांगतो. हॅटट्रिक १९९७ साली स्वीडनमध्ये सुरू झाला, ब्राउझरमध्ये चालतो. प्रत्येक मॅनेजरकडं एक क्लब. लीगमध्ये आठ संघ, १४ फेऱ्या, आणि हंगाम १६ आठवड्यांचा. मॅच तुम्ही पाय लावून खेळत नाही. संघ निवडायचा, डावपेच ठरवायचे, ट्रेनिंग लावायचं, खेळाडू घ्यायचे-विकायचे, आणि आठवड्याला एकदा जमाखर्च होतो तो बघायचा. सगळं खऱ्या घड्याळाच्या वेगानं चालतं. म्हणूनच इथं केलेली पैशाची चूक निस्तरायला महिने लागतात, आणि म्हणूनच ती इतकी मनाला लागते.

आता तुझ्या वहीकडं येतो. आकडे सगळ्यांना समजावेत म्हणून एक सोय केली आहे: तुला स्पॉन्सरकडून आठवड्याला जेवढे मिळतात त्याला मी १०० धरलंय. त्या हिशोबानं घरच्या एका लीग मॅचचं गेट, म्हणजे तिकिटांचे पैसे, १८० येतं. खर्चात खेळाडूंचे पगार १३०, स्टाफ ३५, स्टेडियमची देखभाल २०, युवा अकादमी २५. म्हणजे आठवड्याचा ठरलेला खर्च २१०.

घरच्या आठवड्यात २८० आले, २१० गेले, ७० उरले. बाहेरच्या आठवड्यात १०० आले, २१० गेले, ११० कमी पडले. तू या दोन्हींची सरासरी काढलीस आणि म्हणालास की आठवड्याला २० चा तोटा, एखादा खेळाडू विकला की भरून निघेल. पण घरच्या लीग मॅच हंगामात सातच असतात, आणि पगार सोळाही आठवडे द्यावा लागतो. पंधराव्या आणि सोळाव्या आठवड्यात लीगचं गेट नाही, हे तुझ्या सरासरीत आलंच नाही. पूर्ण हंगाम धर. स्पॉन्सरचे १६०० आणि गेटचे १२६०, मिळून २८६०. खर्च ३३६०. तूट बरोबर ५००.

मागच्या हंगामात विकलेल्या त्या दोन मिडफिल्डरांचे मिळून किती आले होते? तूच लिहिलंयस: ४८० च्या आसपास. म्हणजे ते पैसे कुठं हरवले नाहीत. ती दोन पोरं पगारात गेली.

तुझ्या सगळ्या पत्राचं मूळ मला इथंच दिसतं. खेळाडू विकून आलेला पैसा हे उत्पन्न नव्हे, ते मुद्दल आहे. हॅटट्रिकच्या अर्थकारणाच्या पानावर तो जमेच्याच बाजूला दिसतो, त्यामुळं आठवडा फायद्यात गेल्यासारखा वाटतो. म्हणून एक वही घाल आणि तिची दोन पानं कर. एका पानावर दर आठवड्याला येणारं-जाणारं: स्पॉन्सर, गेट, पगार, स्टाफ, देखभाल, अकादमी, व्याज. दुसऱ्या पानावर कधीतरी होणारं: खरेदी, विक्री, बांधकाम. पहिलं पान स्वतःच्या जिवावर उभं राहिलंच पाहिजे. दुसऱ्या पानावरून पहिल्यावर एक पैसाही आणायचा नाही. हा नियम मोडावासा वाटेल अशी वेळ दर दोन महिन्यांनी येते, त्यामुळं तो वहीच्या कव्हरवरच लिहून ठेव.

१८ वर्षांच्या मिडफिल्डरला विकू का, याचं उत्तर त्यामुळं नाही असं आहे. त्याला विकणं म्हणजे पेरणीसाठी ठेवलेलं बियाणं दळून खाणं.

हॅटट्रिकमध्ये क्लबची खरी कमाई ट्रेनिंगमध्ये असते. आठवड्याला एकच कौशल्य शिकवता येतं, आणि ज्या खेळाडूला ते शिकायचंय त्यानं त्या आठवड्यात योग्य जागेवर मॅच खेळलेली असली पाहिजे. तू प्लेमेकिंग, म्हणजे मधल्या फळीतून खेळ रचण्याचं कौशल्य, लावलंयस. त्यात मधल्या फळीतल्या तिघांना पूर्ण ट्रेनिंग मिळतं. वीकेंडला लीगची मॅच आणि आठवड्याच्या मध्ये कप किंवा मैत्रीपूर्ण मॅच, म्हणजे आठवड्याला सहा जणांना शिकवण्याची सोय आहे. तुझ्याकडं शिकण्याच्या वयाचा मुलगा एक. उरलेल्या पाच जागांवर सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचे लोक, जे वय वाढल्यामुळं फार सावकाश शिकतात. त्यात कपमधून बाहेर पडल्यापासून दुखापतीच्या भीतीनं मैत्रीपूर्ण मॅचच घेत नाहीस, म्हणजे सहातल्या तीन जागा रिकाम्याच गेल्या. हा तोटा कुठल्याच पानावर दिसत नाही, पण माझ्या मते तुझा सर्वांत मोठा तोटा हाच आहे. पैसा पुन्हा मिळवता येतो, वाया गेलेला ट्रेनिंगचा आठवडा विकत मिळत नाही.

तेव्हा या आठवड्यापासून मैत्रीपूर्ण मॅच घे, न चुकता. गेट दोन्ही संघांत निम्मं-निम्मं वाटलं जातं, रक्कम लहान असते, तिकडं बघू नकोस. त्या मॅचमध्ये तुझी लहान पोरं मधल्या फळीत पूर्ण वेळ खेळली पाहिजेत, बाकी निकाल काहीही लागो. दुखापतीचा धोका आहे, मान्य. पण दुखापत होईल म्हणून न शिकवलेला अठरा वर्षांचा मुलगा बाविसाव्या वर्षी कुणालाच नको असतो.

आता तुझा स्ट्रायकर. तुझ्या पत्रात त्याच्याबद्दल चार वाक्यं आहेत आणि चारही प्रेमाची आहेत. पात्रता सामन्यातला त्याचा दुसरा गोल तू मिनिटासकट लिहिलायस. तरीही तो जायला हवा.

त्याचा पगार एकट्याचा ३०, म्हणजे पगाराच्या एकूण रकमेत जवळपास चौथा हिस्सा. तो परदेशी आहे, आणि परदेशी खेळाडूला २० टक्के पगार जास्त द्यावा लागतो. वय ३२. दर हंगामाला त्याचा भाव खाली येणार, वर जाण्याची शक्यता नाही. तू लिहितोस की ४०० ला घेतला आणि आता कुणी ६० च्या वर जात नाही, मग एवढा तोटा कसा सोसू? ते ४०० ज्या दिवशी दिलेस त्या दिवशीच गेले. आज ठरवायचं ते एवढंच: अकरा आठवडे राहिलेत, त्यात तो ३३० पगार घेणार. त्याला ६० ला विकलास तर ६० येतात आणि ३३० वाचतात. कुणीच बोली लावली नाही आणि नुसता सोडून द्यावा लागला, तरी ३३० वाचतातच. हा हिशोब त्याच्या गोलांपेक्षा मोठा आहे.

विकताना घाई करू नकोस आणि वेळ बघ. ट्रान्सफर लिस्टवर खेळाडू टाकला की बरोबर तीन दिवसांनी त्याच वेळेला लिलाव संपतो. शेवटच्या मिनिटांत बोली आली तर डेडलाइन थोडी पुढं सरकते, म्हणजे खरी चुरस शेवटच्या काही मिनिटांत होते. तिथं माणसं जागी आणि स्क्रीनसमोर हवीत. हा खेळ खेळणारे बहुसंख्य लोक युरोपात आहेत. तू तुझी पोरं विकलीस ती सकाळी शिफ्टला जायच्या आधी लिस्ट करून. म्हणजे लिलाव संपला तेव्हा युरोपात पहाट होती. मला वाटतं त्या दोघांचे तुला कमीच मिळाले. मध्य युरोपातले रात्रीचे आठ म्हणजे आपल्याकडं उन्हाळ्यात रात्रीचे साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेबारा. खेळाडू त्याच वेळेला लिस्ट कर. एका रात्रीचं जागरण होईल, पण भावात फरक पडतो.

आणखी दोन गोष्टी विक्रीबद्दल, पुढं उपयोगी पडतील. विकत घेतलेला खेळाडू लगेच विकला तर एजंटचा हिस्सा जास्त कापला जातो, जास्त दिवस ठेवला तर कमी. त्यामुळं आज घेऊन उद्या विकण्याचा धंदा या खेळात फारसा चालत नाही, तसं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. दुसरं, खेळाडूंच्या वाढदिवसांची यादी करून भिंतीवर लाव. हॅटट्रिकमधलं वर्ष ११२ दिवसांचं, म्हणजे एका हंगामाएवढं. पगार वाढदिवसाला नव्यानं ठरतो, मधल्या काळात कौशल्य वाढलं असेल तर पगारही वाढतो. शिवाय वय एकनं वाढलं की गिऱ्हाईक कमी बोली लावतं. ज्याला विकायचंच आहे त्याला वाढदिवसाच्या आधी विकावं, नंतर नव्हे.

स्टाफमध्ये काटछाट करायला जागा आहे. कर्मचाऱ्याची पातळी एकनं वाढली की पगार दुप्पट होतो, हे तू कराराच्या वेळी बघितलं नसावंस. तुझा क्रीडा मानसशास्त्रज्ञ आणि प्रवक्ता दोघंही उंच पातळीवर आहेत. सहाय्यक प्रशिक्षक ठेव, ते ट्रेनिंगचा वेग वाढवतात आणि तुझं सगळं भवितव्य ट्रेनिंगवर आहे. बाकीच्या दोघांचा करार संपेल तसा एक तरी कमी कर, दुसऱ्याची पातळी उतरव. ३५ चे २० होतील. अकादमीत एक स्काउट (नवी पोरं शोधणारा) पुरे, २५ चे १५. अकादमी पूर्ण बंद करावी असं मी म्हणणार नाही. घरचा मुलगा वर येऊन खेळला की होणारा आनंद आकड्यात बसत नाही, आणि तुझ्यासारखा पेठेत वाढलेला माणूस तो आनंद सोडणार नाही हेही मला माहीत आहे.

आता बेरीज करू. खर्च २१० वरून १५५ वर आला. उरलेल्या अकरा आठवड्यांत स्पॉन्सरचे ११००, घरच्या राहिलेल्या चार मॅचचे ७२०, मिळून १८२०. खर्च १७०५. उरतात ११५. त्यात स्ट्रायकरचे ६० धर. आज तू १४० नं खाली आहेस. व्याज धरूनही हंगामाच्या शेवटी साधारण शून्याच्या थोडं वर येशील. स्टाफचे करार लगेच संपणार नाहीत आणि हरण्यामुळं गेट घटेल, त्यामुळं थोडं खालीही राहशील कदाचित. पण काहीच बदललं नाहीस तर तुटीचे ४९० आणि आजचे १४०, म्हणजे ६३० नं खाली, शिवाय व्याज. कर्ज मर्यादेबाहेर गेलं की दिवाळखोरीची सूचना येते, आणि दिलेल्या मुदतीत पैसे उभे केले नाहीत तर संघ हातातून जातो. तेव्हा मग तो अठरा वर्षांचा मुलगाही विकावा लागेल, आणि तोही मिळेल त्या भावानं.

तू विचारशील की स्ट्रायकर गेल्यावर गोल कोण मारणार? कदाचित कुणीच नाही. सातव्या-आठव्या क्रमांकावर राहून खाली जाशील, किंवा पाचव्या-सहाव्या क्रमांकावर राहून पुन्हा पात्रता सामना खेळशील. जाणूनबुजून हरू नकोस. जे आहेत त्यांना घेऊन प्रत्येक मॅच जिंकण्यासाठीच खेळ, कारण फॅन्सचा मूड पडला की गेट आणि स्पॉन्सर दोन्ही घसरतात. कोल्हापुरात संघ हरत असला तरी पेठेतला माणूस शाहू स्टेडियमवर येतोच, पाटाकडील तालमीचा असो की दिलबहार तालमीचा. हॅटट्रिकमधला प्रेक्षक तेवढा निष्ठावान नाही. तरीही कर्ज करून वर टिकण्यापेक्षा कर्जाशिवाय खाली गेलेलं मला परवडेल. खाली गेलेला संघ दोन हंगामांत पुन्हा चढतो, कर्जात गेलेला संघ खेळाडू विकत विकत खाली जातो आणि तिथंच राहतो.

खऱ्या फुटबॉलमध्ये हे घडलेलं आहे, आणि तू वाचलं नसशील तर मुद्दाम सांगतो. इंग्लंडमधला लीड्स युनायटेड. नोव्हेंबर २००० मध्ये त्यांनी रिओ फर्डिनांडला १.८ कोटी पौंडांना घेतलं. २००१ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीपर्यंत गेले, तिथं व्हॅलेन्सियाकडून हरले. संघ खरोखर देखणा होता. पण त्यासाठी क्लबनं पुढच्या वर्षांच्या तिकीटविक्रीवर ६ कोटी पौंड उचलले होते, आणि खर्चाचं सगळं गणित दरवर्षी चॅम्पियन्स लीगमध्ये खेळणारच या भरवशावर बसवलेलं होतं. लीगमध्ये त्या हंगामात चौथे आले आणि पात्रता एका गुणानं हुकली, पुढच्या वर्षी पाचवे आले. तेवढ्यानं सगळं ढासळलं. २००२ मध्ये फर्डिनांड सुमारे ३ कोटी पौंडांना मँचेस्टर युनायटेडकडं गेला. केवढा नफा, नाही का? पण त्या नफ्यातून संघ उभा राहिला नाही, तो खड्डा बुजवण्यात गेला. मग रॉबी कीन, वुडगेट, क्युएल एकामागून एक गेले. २००४ मध्ये क्लब प्रीमियर लीगमधून खाली आला, त्याच वर्षी एलँड रोड हे स्वतःचं मैदान विकावं लागलं, आणि २००७ मध्ये तिसऱ्या श्रेणीत घसरला. प्रीमियर लीगमध्ये परतायला २०२० उजाडलं. चौथा क्रमांक आणि पाचवा क्रमांक, एवढंच तर झालं होतं. चांगले हंगाम होते ते. त्या क्लबला पराभवानं मारलं नाही, विजय गृहीत धरून ठरवलेल्या पगारांनी मारलं. वर चढलास त्या आठवड्यात तूही पगार वाढवलेस, गेट वाढेल म्हणून. गेट वाढलंही. पगार त्याहून जास्त वाढले.

स्टेडियमबद्दल थोडक्यात. जे बांधलंस ते आता राहू दे. पाडायलाही पैसे लागतात आणि पुढं पुन्हा बांधावं लागलं तर दुहेरी खर्च. तू छपराखालच्या जागा वाढवल्यास त्या एका पावसाळी मॅचचा अहवाल बघून. पावसात प्रेक्षक एकूणच कमी येतात आणि येतात ते छप्पर शोधतात, त्यामुळं त्या एका मॅचवरून काहीच ठरवता येत नाही. तिकिटांचे दर खेळानं ठरवलेले असतात, आपल्या हातात फक्त जागांची संख्या. उन्हाच्या तीन-चार घरच्या मॅचमध्ये एखाद्या प्रकारच्या सगळ्या जागा संपल्या तरच त्या वाढवाव्यात, आणि वाढवायच्या तर एकदम, कारण प्रत्येक बांधकामाला जागांच्या खर्चावर एक ठरलेली रक्कम वेगळी लागते. तू ती रक्कम दोनदा भरलीस. पुढचे दोन हंगाम कंत्राटदाराच्या पानावर जाऊसुद्धा नकोस.

मावसभावाचं ऐकू नकोस. त्याच्या मनात वाईट काही नाही, तुझं बरं व्हावं असंच त्याला वाटतंय. पण एका मित्राला मदत म्हणून मुद्दाम जास्त भावानं खेळाडू घेणं हा हॅटट्रिकच्या नियमांत गुन्हा आहे. गेममास्टर असे व्यवहार तपासतात, दंड करतात, आणि त्यात तुझ्याबरोबर त्याचाही संघ सापडेल. पकडले गेलो नाही तर? तरीही नको. तुझ्या लीगमधले बाकीचे सात मॅनेजर आपापल्या पोरांना शिकवून, रात्री जागून संघ उभे करतायत. त्यातला एखादा तुझ्याऐवजी खाली जाईल. लहानपणी पेठेच्या मॅचला कुणी रेफरी फोडला असता तर तुला कसं वाटलं असतं, ते आठव. मावसभावाला तुला मदत करायचीच असेल तर त्याला म्हणावं, दर आठवड्याला माझ्याशी मैत्रीपूर्ण मॅच ठरव आणि माझी वही तपास. तुझ्यापेक्षा परका माणूस तुझ्या पगाराकडं जास्त कठोरपणे बघेल.

सपोर्टर सदस्यत्वानं तुझा एक रुपयाही वाढणार नाही. ते घेतल्यानं जास्त आकडेवारी, इतिहास, क्लबची सजावट अशा सोयी मिळतात, मैदानावर किंवा जमाखर्चात फायदा मिळत नाही, आणि तसं ठेवण्यामागं खेळ बनवणाऱ्यांचा विचार पक्का आहे. या खेळात पैसेवाल्याला वेगळा दरवाजा नाही, म्हणून तर शिरोलीत नोकरी करणारा मुलगा इथं कुणालाही हरवू शकतो. आवड म्हणून कधी घ्यायचं तर घे, पण संघ अडचणीत असताना खिशातला पैसा बाहेर काढू नकोस. तो हात एकदा सैल झाला की दुसऱ्या खेळांतही सैल होतो, आणि त्यातले काही खेळ याच्याइतके प्रामाणिक नाहीत.

राहिला प्रश्न नव्या संघाचा. नवा संघ म्हणजे अगदी खालचा विभाग, लहान स्टेडियम, कमी फॅन्स, आणि इथवर यायला पुन्हा तेवढीच वर्षं. तुझ्याकडं आज मोठं स्टेडियम आहे, वर्षानुवर्षं जोडलेले फॅन्स आहेत, एक चांगला प्रशिक्षक आहे आणि एक अठरा वर्षांचा मुलगा आहे. नसलेल्या गोष्टी दोनच: पाच तरुण मिडफिल्डर आणि झेपेल एवढा पगार. नव्या संघातही या दोन्ही नसतीलच, आणि पगार ठरवणारा मॅनेजर तोच असेल.

आज रात्री साडेअकराला स्ट्रायकर लिस्टवर टाक, किमान किंमत शून्य ठेव. त्याच बैठकीत मैत्रीपूर्ण मॅच ठरव. स्टाफच्या करारांच्या तारखा वहीत लिही. सोळाव्या आठवड्यात पहिलं पान पुन्हा मांड: येणारं, जाणारं, सात गेट भागिले सोळा. ते पान फायद्यात असेल आणि कर्ज फिटलेलं असेल, तर पहिल्या खरेदीला सतरा-अठरा वर्षांचा मिडफिल्डर बघ, शक्यतो आपल्याच देशातला, म्हणजे २० टक्के पगार वाचेल. नंतर दुसरा, मग तिसरा. सहाच्या सहा जागा भरेपर्यंत स्ट्रायकरांच्या यादीकडं बघायचं नाही. सोळाव्या आठवड्यातले आकडे मला नक्की पाठव, बरे असोत की वाईट.

– दादा